पोस्टातला हात

एकतीस वर्षं शिक्के मारले या हातानं.
खाली, वर. खाली, वर.
उदगीर, तारीख, सकाळचं टपाल.
फेकणं त्यात नव्हतंच,
अंतर्देशीय पत्रं तेवढी खणात भिरकवायचे,
दीड हातावरून.

त्यामुळे गुरुनाथनं पुण्याहून बॅग आणली
आणि निळी तबकडी पुढं केली,
"आत्या, हीच घे, सगळ्यात लांब जाते,"
तेव्हा मी आधी चष्मा वर करून ती वाचली.
पाठीवर चार आकडे.
पिनकोड तोंडपाठ असलेल्या बाईला
चार आकड्यांचं काय भय?
पहिला वेग. दुसरा तरंगणं.
तिसरा, आधी उजवीकडे किती झुकेल.
चौथा, दम संपला की डावीकडे किती कलेल.

निळी: बारा, पाच, शून्य, तीन.
म्हणजे जिला बारा हवेत तिला मी पाच देणार
आणि उरलेल्या सातांसाठी ती रुसणार.
रुसलीच.
विसाव्या पावलावर डावीकडे मान टाकली,
तुरीच्या खुंटांत.
दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा
वाहेदभाई दुकानातून ओला ट्यूब हातात घेऊनच बाहेर आला.
"काय करलालाव बाई? तिकडं कुणाचं घर हाय?"

टोपली त्यानंच केलीय.
सायकलची रिंग, तिला गोल टांगलेल्या
अकरा जुन्या चेनी, खाली घमेलं.
तबकडी लागली की वाजते,
काढायला गेलं की ग्रीस हाताला.

संध्याकाळी मी बॅग ओट्यावर उपडी केली
आणि टपाल लावतात तशी लावली.
हट्टी इकडे.
तिसरा आकडा उणे असलेल्या तिकडे.
उणं म्हटलं की आपल्याकडे तोंडं वाकडी होतात,
उणंदुणं काढतात, उण्यात पाहतात.
इथं उणे तीन म्हणजे
थोडक्यात ऐकणारी.

पिवळी निघाली, कडेला घासलेली.
सात, पाच, उणे तीन, एक.
वजन दीडशे ग्रॅम,
बुकपोस्टात गेली असती.
कड बोटांत मावली. निळीची
पकडताना करंगळी बाहेर राहायची.

सकाळी साडेसहा. वारा अजून किल्ल्यापलीकडे.
बाहेरची कड जराशी खाली धरली.
जोर नाही लावला.
शिक्का जोरानं उमटत नाही, सपाट बसला तर उमटतो,
हे मी नव्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल.
सुटली ती.
हवेत आपली आपण सरळ झाली,
उठल्या उठल्या पदर नीट करावा तशी,
मग उजवीकडे थोडी गेली, रेंगाळली,
आणि डावीकडे येऊन टेकली.
पावलं मोजली. एकोणसाठ.
निळीच्या तिपटीला एक कमी.
पुन्हा मोजायला गेले नाही, एखादं घटलं असतं तर?

गुरुनाथ म्हणाला, दे बरं.
त्यानं तिला आपला बावीस वर्षांचा दंड दिला.
पिवळी सुटली तीच उलटली,
भर्रकन उजवीकडे,
बाभळीच्या पार वरच्या फांदीत.
"खराब आहे ही."
खराब नाही रे.
कानाशी बोलायचं तिथं तू हाक मारलीस.

खोटं कशाला सांगू, समोरून वारा सुटला की
माझ्याही हातून ती अशीच उलटते.
मग मी ती पिशवीत ठेवते,
थर्मासातला चहा पिते, वाऱ्याकडे बघत बसते.
निळीही ठेवलीय अजून. तिच्यावर चहाचा कप.

वाहेदभाईनं चिंचा पाडायचा बांबू आणला.
चौथ्या टोल्याला पिवळी खाली.
पोटात काटा रुतलेला.
त्यानं पक्कडीनं तो उपसला,
सवयीनं तबकडी कानाशी नेली,
जरा वेळ तशीच धरली.
"हवा जात न्हाई बाई. मारा."